एकेदीचा हात

"मावशी, सुई-दोरा दे ना. मागची झालर उसवलीय," झुसारा आर्लिंदाला म्हणाली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

वाक्य साधंच. दुसऱ्या कुठल्या घरात त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण झुसारा तेव्हा नुकती शुद्धीवर आली होती. दुपारभर तिच्या अंगात ओया होती, वाऱ्यावादळाची देवी. ती नाचली, गरगरली, आणि नाचता नाचता कुणाचा तरी पाय घागऱ्यावर पडून मागची झालर टरकन फाटली. देवी जाण्याआधीच तो घागरा उतरवून आतल्या खोलीत टाकला होता. झुसारा आता साध्या सुती झग्यात ओट्याला टेकून बसली होती. फाटलेली झालर तिनं पाहिलीच नव्हती.

अंगात देवी असते तेव्हा काय घडलं ते त्या माणसाला आठवत नाही. तो तिथं नसतोच, मग आठवणार कुणाला? म्हणून आमच्याकडे पक्की रीत आहे, की शुद्धीवर आलेल्याला काय झालं ते कुणी सांगायचं नाही. तू अशी नाचलीस, तसं बोललीस, एक अक्षर काढायचं नाही. त्याची वेळ त्याला परत द्यायची नाही, कारण ती त्याची नव्हतीच.

आणि नेमकी सेलेस्ते स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"झालर उसवल्याचं तुला कुणी सांगितलं गं?" सेलेस्तेनं विचारलं. आवाज अगदी गोड होता.

झुसाराचा पेला तोंडाशीच राहिला.

"मीच सांगितलं असेल," आर्लिंदा म्हणाली.

"तू? या घरात केस पिकले तुझे. कुणाला कधी एक शब्द सांगितला नाहीस, आणि आज एका झालरीपायी रीत मोडलीस?"

आर्लिंदाला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तिला पुढचं खोटं सुचलं नाही. ती या घराची एकेदी होती. एकेदी म्हणजे जिच्या अंगात कधीच काही येत नाही अशी बाई. देव स्वतःच तिला निवडतो आणि तिच्या अंगात न येण्याचं ठरवतो. सगळे भान हरपून नाचत असताना कुणीतरी भानावर असावंच लागतं. घाम कुणी पुसायचा, चपला-चष्मे कुणी काढून घ्यायचे, पडणाऱ्याला कुणी सावरायचं? आर्लिंदाच्या खांद्यावर कायम एक पांढरा पंचा असे, आणि त्या पंच्याचा तिला भारी अभिमान होता. भानावर राहण्यात तिचा हात धरणारं काशोएरा गावात कुणी नव्हतं.

"सोंग आहे हे," सेलेस्ते म्हणाली आणि वळून व्हरांड्याकडे निघाली. "मी आईंना सांगते."

व्हरांड्यात बेर्नादिना आई भिजवलेल्या चवळीची सालं काढत बसल्या होत्या. हे घर म्हणजे आमचं देवस्थान आणि त्या त्याच्या मुख्य पुजारीण, म्हणून इथं दीक्षा घेतलेल्या सगळ्यांच्याच आई, झुसाराच्याही आणि सेलेस्तेच्याही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हात थांबवला नाही.

सेलेस्ते वाईट बाई नव्हती, हे इथं सांगायला हवं. तीही ओयाचीच, तिच्याही अंगात हीच देवी यायची. तरुणपणी, आधीच्या आईंच्या काळात, तिच्यावरही कुणी संशय घेतला होता. तेव्हा देवी अंगात असताना तिनं देंदेच्या, म्हणजे ताडफळांच्या लाल तेलात बुडवलेली कापसाची पेटती वात तोंडात घालून गिळली. ओठालासुद्धा काही झालं नाही. ती गोष्ट घरात अजून सांगितली जाते, आणि सेलेस्ते त्या गोष्टीवर उभी आहे. बाजारात मासे विकताना, नवरा सोडून गेला तेव्हा, गुडघे दुखतात तेव्हा, तिच्यापाशी तेवढीच एक खात्रीची गोष्ट होती. कुणी सोंग आणून खपवून न्यावं, हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

"मी आग गिळली तेव्हा मला कुणी सूट दिली नव्हती," ती म्हणाली.

"ती परीक्षा या घरानं कधीच बंद केलीय," आई म्हणाल्या.

"घ्या, आई." हे बोलली झुसारा. ती आर्लिंदाच्या मागून केव्हा पुढे आली ते कुणाला कळलं नाही. "शनिवारी शांगोचा उत्सव आहे. तेव्हाच घ्या. मलाही कळू दे."

आईंचा हात आता थांबला. मग म्हणाल्या, "बरं." आणि पुन्हा चवळीत हात घातला.

दुसऱ्या दिवशी आर्लिंदा आणि झुसारा नेहमीप्रमाणे चौकात आकाराजे तळायला बसल्या. वाटलेल्या चवळीचे गोळे, उकळतं देंदेचं तेल, कांद्याचा वास. गिऱ्हाईक पांगल्यावर आर्लिंदानं झारा बाजूला ठेवला.

"खरं सांग. देवी येते तेव्हा तू असतेस का नसतेस?"

"असते," झुसारा म्हणाली.

दीक्षेच्या वेळी ही पोर कोंडलेल्या खोलीत होती तेव्हा तिला भरवणं, न्हाऊ घालणं, रात्री तिच्या चटईजवळ झोपणं, सगळं आर्लिंदानं केलं होतं. पोरीला आई नव्हती. हे घर गेलं तर तिला जायला दुसरं घरही नव्हतं. सोंग ठरलं तर गळ्यातली दीक्षेची माळ तोडून तिला दारातून बाहेर काढलं जाणार होतं, आणि मग चौकात तिच्या हातचं खायला कोण येणार होतं?

"असते म्हणजे बघत असते," झुसारा सांगू लागली. "पाय उठतो, हात उठतो. मी उठवत नाही. मनात येतं, आता डावीकडे वळू नये, तिकडे भिंत आहे. तरी अंग डावीकडेच वळतं, आणि भिंतीला लागतही नाही. मग मी गपचूप बघत बसते. झालर फाटली ते मला ऐकू आलं."

"मग ती तूच की."

"मी असते तर मला थांबवता आलं नसतं का, मावशी?"

आर्लिंदाला आपल्या सगळ्या आयुष्यात हा प्रश्न पडला नव्हता.

"बाकीच्यांचंही असंच असेल का?" झुसारानं विचारलं. "सेलेस्तेताईचं?"

"ती म्हणते तिला काही आठवत नाही."

"हो, म्हणते," झुसारा म्हणाली. तिनं एक गोळा तेलात सोडला आणि त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. "आता तर मला इथंसुद्धा तसंच वाटायला लागलंय. हा गोळा मी सोडला का? हात सोडतो, आणि मागाहून मला वाटतं की मी सोडला. मग अंगात देवी असो नसो, फरक काय राहिला? कदाचित मी कुठंच नसेन. नुसतं वाटत असेल."

आर्लिंदाला भीती वाटली, आणि भीती वाटली की तिला राग यायचा. "गोळा पलट, करपतोय," ती खेकसली. "हे असलं डोक्यात घेऊन आगीसमोर जाणार आहेस तू? फेइराला माझी चुलतबहीण आहे. उद्याच्या बसनं जा. महिनाभर राहा. सगळं निवलं की ये."

"पळून गेले तर सोंगच ठरेल ना. आणि मला कधी कळणारच नाही."

"तोंड भाजलं म्हणजे कळेल का?"

"काहीतरी कळेल," झुसारा म्हणाली.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. झुसारानं त्याला हसून विचारलं, "तिखट किती घालू? सासूला द्यायचंय का स्वतःला खायचंय?" माणूस हसत हसत निघून गेला. असली पोर. आर्लिंदानं डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं.

"कुणाला सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "असतेस, बघतेस, हे कुणाला नाही. आईंनासुद्धा नाही."

"नाही सांगत. पण मग तूही एक कबूल कर. शनिवारी मध्ये पडायचं नाही. तू मला अडवलंस तर सगळे म्हणतील, एकेदीला माहीत होतं. मग माझं काहीच उरणार नाही. शपथ घे."

आर्लिंदानं शांगोची शपथ घेतली. विजेचा आणि आगीचा हा देव तिचा देव होता. त्याची शपथ मोडायचं धाडस तिच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं.

तरी शुक्रवारी तिला राहवेना. ती आईंकडे गेली आणि दारात घुटमळत उभी राहिली.

"आशीर्वाद द्या, आई. झुसाराबद्दल बोलायचं होतं."

"तिनं तुला काय सांगितलं ते सांगायला आलीस, का तुझी भीती सांगायला आलीस?"

"भीती."

"मग बस."

आर्लिंदा बसली. "ती भानावर असली तर भाजेल, आई."

"भाजेल."

"मग तुम्ही हो कसं म्हणालात?"

"तिनं मागितलं म्हणून. मी नाही म्हटलं असतं तर सेलेस्तेनं गावभर केलं असतं, ते एक वेळ सोसलं असतं. पण पोरगी जन्मभर स्वतःलाच विचारत राहिली असती. मी पाहिलीत अशी माणसं. झोपत नाहीत." आईंनी पाय पुढे केले आणि आर्लिंदा सवयीनं ते चेपू लागली. "तू कधी गेलीस का गं कुठं?"

"मी कुठली जाते? मी एकेदी."

"मग जाणं म्हणजे काय, ते तुला काय माहीत? मी पोरवयापासून जातेय आणि येतेय, मला अजून माहीत नाही. मी जाते, का मी आहे असं वाटणं तेवढं जातं? विचारायला गेलं तर विचारणारीच जागेवर नसते." आई किंचित हसल्या. "जा. वाती नीट वळून ठेव. कापूस जुना घेऊ नकोस, तो धुरकटतो."

म्हणजे वातीही आर्लिंदालाच वळायच्या होत्या. तिनं त्या वळल्या. जमतील तेवढ्या बारीक वळल्या.

शनिवारी ऊन कलल्यावर अंगणात शांगोची होळी पेटली. मंडपात लाल-पांढऱ्या पताका, खाली पसरलेली ताजी पानं, भिंतीला लागून पाहुणे. ढोल सुरू झाले. शांगोचं गाणं झालं, मग त्याच्या बायकोचं, ओयाचं, सुरू झालं. तिचा ठेका भरभर चढतो, ऐकणाऱ्याचाही श्वास लागतो. आईंनी देवीला बोलावणारी घंटी वाजवली.

सेलेस्ते नाचणाऱ्यांच्या ओळीत सगळ्यांत पुढे होती. तिनं डोळे मिटले, खांदे सैल सोडले आणि वाट पाहिली. घंटी तिच्या कानाशी वाजली. काहीच झालं नाही. ठेका आणखी चढला. सेलेस्तेनं डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती ओळीतून निघून भिंतीशी जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि नेमकं आज.

झुसाराला मात्र खाड्कन झटका बसला. ती कंबरेत वाकली, पुन्हा सरळ झाली आणि तिच्या घशातून ओयाची लांबलचक हाक निघाली. लोक उठले, "एपारेइ, ओया" असा तिचा जयघोष करत त्यांनी तळवे वर केले. आर्लिंदा धावली. तिनं चपला काढल्या, छातीभोवती लाल कापड आवळून बांधलं, पंच्यानं कपाळ पुसलं. पुसताना तिनं चेहरा जवळून न्याहाळला. डोळे मिटलेले, ओठ किंचित पुढे आलेले, घाम गार. हे सगळं तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि आज तिला त्यातलं काहीच वाचता येईना. आत झुसारा बसून बघतेय का? आणि बघत असेल तर ती भ्यालीय का?

आई मातीची थाळी घेऊन आल्या. थाळीत तेलात निथळणाऱ्या वाती पेटल्या होत्या. ढोल हळू झाले पण थांबले नाहीत.

आर्लिंदानं मनाशी ठरवलं, हलायचं नाही. हे तिला पुढेही स्वच्छ आठवत राहिलं. तिनं पंच्याची दोन्ही टोकं दोन्ही मुठींत घट्ट धरली. शपथ आठवली. आपण मध्ये पडलो तर पोरीचं कायमचं वाटोळं होईल, हे पुन्हा एकदा मनात घोकलं. भाजलं तर भाजलं, जीभ महिन्याभरात बरी होते, लोणी लावू, थंड पेज देऊ. सगळा विचार झाला होता. कुठलीही शंका उरली नव्हती.

देवीनं चिमटीत एक वात उचलली आणि तोंडाशी नेली. तोंड उघडलं.

आणि आर्लिंदाला एक हात दिसला. काळा, सुरकुतलेला, बोटांवर तळणीचे जुने डाग असलेला. तो हात झुसाराच्या तोंडासमोर गेला, पेटती वात तळव्यात घेऊन मिटला आणि मागे आला. कुणाचा हा आगाऊ हात, असं तिच्या मनात आलं. मग तिनं पाहिलं की तो तिच्याच खांद्यापासून निघालेला होता. डावी मूठ अजून पंचा आवळून होती. उजवी रिकामी झाली होती. नव्हे, रिकामी कुठली, तिच्यातून धूर येत होता.

ढोल थांबले.

एकेदीनं देवीला अडवलं होतं. आमच्या घरांत असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. आर्लिंदा जागच्या जागी उभी होती आणि तिला एकच विचार सुचत होता, संपलं, मी पोरीला संपवलं.

देवीचे डोळे मिटलेलेच होते. तिनं मान जराशी कलती केली, जणू बाजूच्या खोलीत काही पडल्याचा आवाज आला. मग पुन्हा थाळीकडे हात नेला, दुसरी वात उचलली, तोंडात घातली आणि ओठ मिटले. गळा हलला. तिनं तिसरीही उचलली. आईंनी थाळी मागे घेतली तेव्हाच ती थांबली, आणि ढोलवाल्यांना भान येऊन त्यांनी ठेका धरायच्या आतच ती गरगर फिरत मंडपभर नाचू लागली.

तळव्याची आग आर्लिंदाला तेव्हा कुठं जाणवली. ती बेशुद्ध पडायच्या बेतात होती. दोघीतिघींनी तिला धरून स्वयंपाकघरात नेलं. सावरायचं काम जिचं, तिलाच सावरावं लागलं.

बऱ्याच वेळानं, ओया गेल्यावर, झुसारालाही तिथं आणून बसवलं. मागोमाग आई आल्या, आणि त्यांच्या मागून सेलेस्ते.

"तोंड उघड," सेलेस्ते म्हणाली.

झुसारानं तोंड उघडलं. सेलेस्तेनं दिवा जवळ धरून जीभ पाहिली, टाळू पाहिला, ओठ उलटून पाहिले. कुठंही फोड नव्हता. ओठ पटकन मिटले की आग विझते, हे जत्रेतले आग खाणारेही सांगतात. देवी असली की भाजत नाही, हे आम्ही सांगतो. सेलेस्तेनं दिवा खाली ठेवला. आज ती भिंतीशी उभी राहिली होती, आणि तिचा आवाज पूर्वीसारखा उरला नव्हता.

"तोंड स्वच्छ आहे," ती म्हणाली. "मग एकेदीनं हात का घातला? तिला काय माहीत होतं? बोल आर्लिंदा. तू सांग. तुला माहीत होतं ना, की ही आत जागी असते?"

आर्लिंदाचा तळवा ओल्या केळीच्या पानात बांधलेला होता. तिनं झुसाराकडे पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. आगीनं जे केलं नाही ते आता आर्लिंदाच्या एका शब्दानं होणार होतं. तिला सांगायचं होतं की मी हात घातला नाही. मी न घालायचं ठरवलं होतं, शांगोची शपथ घेऊन ठरवलं होतं. मी तिथंच होते, सगळं पाहत होते, हात आपोआप गेला. ते शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच थिजले, कारण ते तिचे नव्हते. ते झुसाराचे होते. चौकात, तळणीसमोर ऐकलेले.

तिनं केळीच्या पानाची गाठ सारखी केली.

"बोल ना. का घातलास हात?"

"सेलेस्ते," आई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "शुद्धीवर आलेल्या माणसाला काय घडलं ते या घरात सांगत नाहीत. आणि विचारतही नाहीत."

"पण आई, ती एकेदी आहे. तिच्या अंगात कुणी येत नाही."

"नाही येत," आई म्हणाल्या. "म्हणून काय ती कायम घरातच असते, असं तुला कुणी सांगितलं? तू होतीस का आज, सेलेस्ते? ढोल वाजत होते तेव्हा भिंतीशी कोण उभं होतं?"

आईंनी सेलेस्तेचा दंड धरला, तिचा भार स्वतःवर घेतला आणि तिला हळूहळू बाहेर व्हरांड्यात नेलं. बाहेरून तिच्या रडण्याचा आवाज आला, आणि त्याखाली आईंचा, तिला काहीतरी समजावतानाचा.

स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. आर्लिंदाला दरदरून घाम फुटला होता. झुसारा उठली, तिच्या खांद्यावरचा पंचा काढून घेतला आणि तिचं कपाळ पुसलं, मान पुसली, कानामागे पुसलं, अगदी एकेदी पुसते तसं. आर्लिंदाला आजवर असं कुणी पुसलं नव्हतं.

"गरम होतं का गं?" आर्लिंदानं विचारलं.

"होतं. मला कळत होतं गरम आहे ते." झुसारानं पंचा घडी करून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "आणि तुला, मावशी? तुला काही आठवतंय?"

आर्लिंदानं केळीच्या पानात बांधलेल्या हाताकडे पाहिलं. तो ठणकत होता. तेवढ्यापुरता तरी तो तिचा होता.

"सगळं," ती म्हणाली.

झुसारानं दाराकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकली.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.